एकाचं अंग, दुसऱ्याची बाही : पॅटर्न जोडून शिवलेल्या होजिअरी टॉपचे अनुभव

टाकाधागा

काल माळ्यावरची ट्रंक खाली काढली. तळाशी खाकी कागदाची जाड गुंडाळी होती. उलगडली तर मावशीचं अक्षर : "अंग – निळ्या टी-शर्टचं. कंबर – धाकटीच्या फ्रॉकची. बाही – पिवळ्या टॉपची. मुंढा जुळवला आहे."

मावशी ठाण्याला ब्लाउज शिवायची. होजिअरीला, म्हणजे टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाला, आळीतल्या बाकी शिवणाऱ्या हात लावायच्या नाहीत, ताणतं आणि टीप सुटते म्हणून. मावशीनं लावला तो माझ्या ताईसाठी. ताई पोहायची, खांदे रुंद, कंबर बारीक. तयार टॉप खांद्यात बसला की खाली पोत्यासारखा लोंबायचा, कंबरेत बसला की मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईत, काचायचा.

मावशी ताईच्या आवडीचा टी-शर्ट उसवायची नाही. जमिनीवर सतरंजी, वर वर्तमानपत्र, त्यावर टी-शर्टची एक बाजू सपाट पसरायची आणि शिवणीवरून टाचणी टोचत जायची. कागदावर भोकांची रांग उमटायची, ती पेन्सिलीनं जोडली की खाका तयार. मग दुसरा खाका त्यावर ठेवायचा. मधली रेघ मधल्या रेघेवर, कंबर कंबरेवर. खालचा घेर कुठे येतो ते ती बघायचीच नाही, लांबी नंतर कापता येते म्हणायची. बगलेपासून कंबरेपर्यंत दोन रेघांमध्ये जे अंतर पडायचं ते एका लांब वळणानं मिटवायची. वळण घाईत घेतलं की नेमक्या त्याच जागी कापड फुगतं.

आता भाचीसाठी तेच करायला घेतलंय. तिला बोट नेक (खांद्यापासून खांद्यापर्यंत आडवा गळा) हवाय, पाऊण बाही हवीय, खाली थोडा घेर हवाय आणि हे तिन्ही एका पॅटर्नमध्ये मिळत नाही. तुमच्यापैकी कुणी असे टॉप शिवलेत? काय कशाला जोडलंत, कुठे अडलं, कसं सुटलं ते लिहा ना.

निळी बॉबिन

मुंढा टेप उभा धरून मोजायचा. आडवा धरला की वळणावर फसवतो. आणि मोजायचा तो शिलाईच्या रेघेवर, कापायच्या नाही. माझा अंगाचा पॅटर्न दाबासकट (शिवणीसाठी सोडलेल्या जादा कडेसकट) होता आणि बाहीचा बिनदाबाचा, म्हणून आधी दोन्हीवर लाल पेनानं शिलाईची रेघ मारून घेतली. पुढचा मुंढा सव्वाआठ इंच, मागचा साडेआठ, मिळून पावणेसतरा. बाहीची गोलाई भरली पावणेअठरा. सुती ब्लाउजला हा जास्तीचा इंच जिरवतात, होजिअरीत मात्र खांद्यावर चुणी उभी राहते. बाहीच्या माथ्यापासून थोडं खाली कागदाला अर्ध्या इंचाची आडवी घडी घातली आणि कडा परत गोल करून घेतल्या. दोन्ही बाजूंनी मिळून साधारण इंचभर कमी झाला. बाही अशी बसली की शेजारच्या काकू विकतचा टॉप समजल्या.

वाचनमात्र

वाचतेय! भाजी फोडणीला टाकून आलेय, नंतर लिहिते.

मुक्काम तिरुपूर

मी पुरुष आहे आणि मला शिवता येत नाही, पण दिवसभर याच कापडात असतो म्हणून लिहितो. दोन पॅटर्न जोडताना आकार जुळवता तसा ताणही जुळवा. एक पॅटर्न लायक्राच्या (रबरासारख्या ताणणाऱ्या धाग्याच्या) कापडासाठी काढलेला असतो, त्यात अंगाच्या मापापेक्षा कापड कमी धरलेलं असतं. दुसरा साध्या इंटरलॉकसाठी, म्हणजे दुहेरी विणीच्या कमी ताणणाऱ्या होजिअरीसाठी, असतो, तो अंगाबरोबर किंवा किंचित सैल. लायक्राची बाही इंटरलॉकमधून कापली तर दंडात अडकणारच.

ताण बघायची सोपी रीत : कापड आडवं दुमडून १० सेंमीवर दोन खुणा करा, पट्टीवर धरून सहज ओढा. १४ पर्यंत गेलं तर ४० टक्के ताण. सोडल्यावर परत १० वर येतंय का तेही बघा. येत नसेल तर कोपर आणि गळा ढिला पडणार.

आणि सिंगल जर्सी, म्हणजे टी-शर्टचं नेहमीचं एकेरी विणीचं कापड, धुतल्यावर पिळते. बाजूची शिवण फिरून पुढे आलेले टी-शर्ट सगळ्यांनी पाहिलेत. तो शिलाईचा दोष असतोच असं नाही, सुताचा पीळ आणि विणकाम यातून ते येतं. म्हणून कापायच्या आधी कापड एकदा धुवा, आडवं वाळवा. लायक्रा असेल तर ठाणातून काढून रात्रभर मोकळं पसरून ठेवा. कारखान्यातही कापायच्या आधी त्याला असं सोडून ठेवतात.

निळी बॉबिन

दादा, तुम्ही रोज लिहा इथे 🙏

खडू आणि टेप

जर्सीच्या कडा गुंडाळतात त्यावर काय करता? खाली-वरची कड सुलट बाजूला वळते, उभी कड उलट बाजूला, मी वैतागते.

टाकाधागा

@खडू आणि टेप, साबुदाण्याची पातळ खळ. कडेला फडक्यानं लावायची, वाळली की इस्त्री. कड कागदासारखी ताठ राहते, शिवून झाल्यावर धुतली की गेली. आमच्याकडे वॉइलच्या साड्यांना घालायचे तीच.

कोथरूडकरीण

माझा अनुभव जरा वेगळा. आईच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डोक्यावरून काही घालायचं बंद झालं. गाउन मिळतात समोरून उघडणारे, पण ती आयुष्यभर नीटनेटकी राहिलेली बाई, फिजिओथेरपीला गाउनवर जाणार नाही म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

मग मी तीन खाके घेतले. समोरचा भाग माझ्या होजिअरी जाकिटाचा, सरळ उघडणारा. पाठ तिच्या जुन्या टी-शर्टची, कारण पाठीला तिला तोच बसतो. खांद्याच्या रेघा पुढच्या-मागच्या सारख्या होईनात, जाकिटाचा खांदा पाऊण इंच लांब होता. तो गळ्याच्या बाजूनं कमी केला, बाहीच्या बाजूनं नाही. बाहीच्या बाजूनं केला असता तर मुंढा बदलला असता आणि पुढचं सगळं पुन्हा काढावं लागलं असतं.

बाही सैल कुडत्याची. तरी हात पुढे नेताना बगलेत ओढ बसत होती. तेव्हा आजोबांचा सदरा आठवला, त्याच्या बगलेत चौबगला असायचा. तसाच तीन इंचांचा चौकोन होजिअरीतून कापून तिरका बसवला, एक टोक बाहीत, एक अंगात. हात मोकळा झाला! चौकोनाच्या कोपऱ्यावर शिलाई नेमकी दाबाच्या रेघेवर थांबवावी लागते, सुई कापडात ठेवून दाबाचा पाय उचलायचा, कापड वळवायचं, मग पुढे. इतकं जपलं तर बाकी काही कठीण नाही.

समोर टिचबटणं लावली. काज-बटण एका हातानं होत नाही. पट्टीच्या आत सुती कापड घातलंय, नाहीतर बटण ओढताना जर्सी फाटते.

शिवणवर्ग

कोथरूडकरीण, वाचून गलबलून आलं. आई कशा आहेत आता?

कोथरूडकरीण

बऱ्या आहेत गं. हात खांद्याच्या वर जातो आता. कालच पोळ्या लाटल्या, नको म्हटलं तरी. तो टॉप अजून घालतात, दुसऱ्या रंगात शिवून हवाय.

वाचनमात्र

आले. चौबगला वाचून मस्त वाटलं. माझ्या सासूबाई म्हणताहेत की त्यांच्या परकर-पोलक्यातल्या पोलक्यालाही असायचा.

श्टुटगार्टकर

इकडे बुर्डा या जर्मन शिवण-मासिकातले पॅटर्न वापरते. एकाच मोठ्या कागदावर कितीतरी कपड्यांच्या रेघा एकमेकींवर छापलेल्या असतात, आपली रेघ शोधून पातळ कागदावर उतरवायची. पॅटर्न जोडणाऱ्यांना हे सोयीचं, कारण उतरवतानाच जोडता येतं. पाठ या टॉपची उतरवायची, कागद सरकवायचा, गळा त्या टॉपचा. लक्षात ठेवायचं एवढंच की त्यात दाब धरलेला नसतो, शिलाईची रेघच मिळते. मुंढा मोजायला तेही बरंच.

माझी उंची पाच फूट. कंबर वर येते, त्यामुळे बगल आणि कंबर यांच्यामध्ये कागद दुमडून आखूड करते आणि मगच दुसऱ्या खाक्याशी जोडते. आधी जोडून मग आखूड करायला गेलं तर कंबरेचं वळण हलतं.

एडिसनहून

अमेरिकन पाकिटातल्या पॅटर्नला बहुतेक वेळा ५/८ इंच दाब असतो. श्टुटगार्टकर म्हणतात त्या बिनदाबाच्या पॅटर्नशी जोडताना बघून घ्या, प्रत्येक शिवणीत तेवढा फरक पडतो. होजिअरीच्या पाकिटांवर ताण मोजायची पट्टीही छापलेली असते, कापड दुमडून त्यावर ओढायचं. तिरुपूरकर दादांनी सांगितलं तेच.

मापवार कागदी पॅटर्न विकायला इथे एबेनेझर बटरिकनं १८६३ मध्ये सुरुवात केली. मला नेहमी वाटतं की आपल्या आया-मावश्यांनी वर्तमानपत्रावर केलेलं काम तितकंच मोठं आहे. बाईगणिक वेगळा खाका, तोही नजरेच्या अंदाजानं! टाकाधागा, ती गुंडाळी जपून ठेवा. खाकी कागद घडीवर तुटतो, गुंडाळूनच ठेवा.

आईची कात्री

कागदावरून आठवलं. आमच्या घरी आईची कात्री कागदाला लावली की जेवण मिळायचं नाही 😄 होजिअरीला तर धार हवीच, बोथट कात्री जर्सी चावते. आणि पॅटर्न टाचण्यांनी टोचू नका, कापड ओढलं जातं. बाबांच्या दुकानातली लोखंडी वजनं ठेवते मी कागदावर, पाव किलोची आणि शंभर ग्रॅमची. कापड टेबलावरून खाली लोंबू द्यायचं नाही, वजनानं ताणतं.

शिवणवर्ग

वजनं! कुठे मिळतात आता? माझ्याकडे वरवंटा आहे फक्त.

आईची कात्री

भंगारवाल्याकडे विचार. वरवंटा नको गं, गोल आहे, घरंगळेल.

पाठराखीण

लेकीच्या पाठीला बाक आहे, स्कोलिओसिस. डावा खांदा खाली. घडीवर कापलेला टॉप तिला कधीच सरळ बसत नाही. मी पूर्ण पाठीचा खाका काढते, उजवी बाजू एका पॅटर्नची, डावी त्याच पॅटर्नच्या लहान मापाची. डाव्या खांद्याची रेघ खाली उतरवते आणि तेवढाच मुंढ्याचा तळही उतरवते, म्हणजे मुंढ्याचं माप तेच राहतं, बाही बदलावी लागत नाही. टॉप एका बाजूला ओढला जात नाही आता. कॉलेजच्या गॅदरिंगला ती ओढणीशिवाय गेली.

निळी बॉबिन

❤️

खडू आणि टेप

मुंढ्याचा तळही उतरवायचा, हे सोनं आहे. लिहून ठेवलं.

दूधगाव

बाळाला पाजायचा टॉप शिवलाय कुणी? मी असा केला : खाली साध्या टी-शर्टचं अंग, छातीवर मोठी गोल कापणी. त्यावर दुसऱ्या, सैल टॉपचा फक्त वरचा अर्धा भाग, छातीखाली चार बोटं येईल एवढा. दोन्ही थर खांद्यात आणि मुंढ्यात एकत्र शिवायचे, म्हणून मुंढा दोन्हीचा हुबेहूब एकच हवा. बाळ उठलं, पुढचं नंतर

काळी उषा

सगळ्यांना प्रश्न. माझ्याकडे जुनं पायाचं मशीन आहे, फक्त सरळ टीप. झिगझॅग नाही. होईल का?

टाकाधागा

होईल. मावशीचं तेच होतं. पॉलिस्टर दोरा घ्या, सुती नको. दोऱ्याचा ताण थोडा सैल आणि शिवताना पुढून-मागून कापड किंचित ताणून धरायचं. फक्त किंचित, नाहीतर शिवण लाटांसारखी होते. बाजूच्या शिवणीला एवढं पुरतं. गळा आणि घेर जिथे जास्त ताणतो तिथे पिको-फॉलवाल्याकडून इंटरलॉक (कापड नव्हे, कड गुंफणारी शिलाई) मारून आणा. खांद्याच्या शिवणीत मात्र सुती टेप घालून शिवा, ती ताणलीच जाऊ नये. बोट नेकला तर हवीच, सगळा भार खांद्याच्या टोकावर येतो.

श्टुटगार्टकर

गोल गळ्याला रिब, म्हणजे उभ्या रेघांच्या विणीची लवचीक पट्टी, लावणार असाल तर पट्टी गळ्यापेक्षा आखूड. २० इंच गळा असेल तर साधारण १७, शिवाय जोडाचा दाब. दोन्हीचे चार सारखे भाग करून खुणा जुळवा आणि पट्टीच ताणा, गळा नको. रिब कमी ताणणारी असेल तर पट्टी थोडी लांब घ्या.

शिवणवर्ग

रिब मिळते कुठे पण? आमच्याकडे नाशिकला दुकानदार रिब म्हटलं की माझ्याकडेच बघत राहतो.

मुक्काम तिरुपूर

ताई, होजिअरी बऱ्याच ठिकाणी किलोवर विकतात, मीटरवर नाही. दुकानात "टी-शर्टच्या गळ्याची पट्टी" असं सांगा किंवा जुना टी-शर्टच दाखवा. १८० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममध्ये वजन) आसपासची जर्सी टॉपला चांगली पडते, त्याहून पातळ नवशिक्यानं घेऊ नये.

काळी उषा

धन्यवाद टाकाधागाताई! सुई कुठली? माझी टीप सुटते मधेच.

निळी बॉबिन

गोल टोकाची, बॉलपॉइंट म्हणून माग. ७५/११ नंबर. टोकदार सुई धागा भोसकते, ही धाग्यांमधून वाट काढते. लायक्रा असेल तर स्ट्रेच सुई वेगळी मिळते. पण पायाच्या मशीनची सुई गोल दांड्याची आहे की एका बाजूनं चपटी ते आधी बघ, फार जुन्या मशीनला चपटी बसत नाही.

काळी उषा

बघितलं, चपटीच आहे. मग रविवारी मुंबईला चाललेय, मंगलदास मार्केटमधून कापड आणि सुई दोन्ही आणते.

आईची कात्री

अगं रविवारी मंगलदास बंद असतं. शनिवारी जा.