'विमुक्त' आणि 'भटके' एकच का?

फॉर्मवर व्हीजेएनटी (विमुक्त जाती आणि भटक्या जमाती) असं एकत्रच छापलेलं असतं, मग विमुक्त म्हणजे नक्की कोण आणि कशातून मुक्त?

> इंग्रजांच्या कायद्यातून. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीच जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या, मग पोलिसाकडे हजेरी लावा, परवानगीशिवाय गाव सोडू नका, आणि पुढे तर कित्येक कुटुंबं तारेच्या कुंपणात नेऊन ठेवली, सोलापुरात त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा रद्द झाला, त्यातून सुटले ते विमुक्त. रामोशी, कैकाडी, वडार, बंजारा वगैरे. म्हणून 31 ऑगस्टला विमुक्त दिन असतो.
>
> भटके म्हणजे पोटासाठी गावोगाव फिरणारे, गोंधळी, वासुदेव, वैदू, डोंबारी, नंदीवाले. आता वडार कैकाडीही फिरायचेच की, त्यामुळे बोलताना सरमिसळ होते, पण आपल्याकडे महाराष्ट्रात आरक्षणात विमुक्तांना वेगळे 3 टक्के आणि भज-ब ला, म्हणजे भटक्या जमातींच्या ब गटाला, अडीच टक्के आहेत.

मग फासेपारधी विमुक्तच ना?

> शिक्का त्यांच्यावरही होता, पण दाखला अनुसूचित जमातीचा मिळतो. आणि बंजारा इथे विमुक्त, तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जाती! म्हणजे इतिहासातला विमुक्त आणि दाखल्यावरचा विमुक्त हे दोन वेगळे अर्थ झाले, लिहिताना कुठला म्हणायचाय ते सांगावं.

आमच्याकडच्या पेपरात 'माजी गुन्हेगार जमाती' वाचलंय, चालतं का?

> अजिबात नाही. माजी म्हटलं की आधी खरंच गुन्हेगार होते असं होतं, आणि ते कधीच खरं नव्हतं, कायद्याने लादलेलं होतं. विमुक्त लिहा किंवा सरळ जमातीचं नाव लिहा. चोरीची बातमी असेल तर आरोपीची जात कशाला लागते? ऑक्टोबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने तुरुंगाच्या नियमावल्यांमधले जातीवरून कामं वाटणारे नियम रद्द केले, विमुक्तांना सराईत गुन्हेगार धरणाऱ्या नोंदी तोपर्यंत त्यात होत्याच.
>
> आणि शब्द सुधारला तरी दाखल्याचं घोडं अडतंच. विजाभजच्या, म्हणजे विमुक्त-भटक्यांच्या, जातीच्या दाखल्याला 21 नोव्हेंबर 1961 आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. जो माणूस तेव्हा पाल टाकून आज या गावाला उद्या त्या गावाला होता, त्याच्या नातवाने तो कागद आणायचा कुठून?