मदत हवी आहे: सगळ्यांना सर्वात महागड्या विजेचा भाव का?

मंडळी, नमस्कार. शनिवारी आमच्या अभ्यासगटात वीजबाजारावर बोलायचंय आणि मी एका जागी अडकलोय.

इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर, म्हणजे वीज खरेदी-विक्रीच्या बाजारात, उद्याच्या विजेचा लिलाव आज होतो. दिवसाचे 15-15 मिनिटांचे 96 तुकडे, प्रत्येकाचा वेगळा भाव. वीज विकणाऱ्यांच्या स्वस्त बोलीपासून वर चढत जायचं, मागणी जिथे भागते तिथली शेवटची बोली भाव ठरवते आणि तोच सगळ्यांना मिळतो. इथपर्यंत डोक्यात शिरलं. ज्याने त्याने आपापल्या बोलीचेच पैसे घ्यावेत म्हटलं, तर प्रत्येक जण शेवटच्या बोलीचा अंदाज बांधून भाव फुगवून लावेल, हेही पटतं.

गाडी अडते ती सौरऊर्जेपाशी. तिला इंधन लागत नाही, म्हणजे ती जवळपास शून्यालाही विकायला तयार. दुपारी सगळीच पॅनेलं तापलेली, त्यामुळे भाव कोसळतो. संध्याकाळी कोळसा, गॅस भाव ठरवतात, कधी थेट युनिटला 10 रुपयांच्या कमाल मर्यादेपर्यंत, पण तेव्हा सूर्य मावळलेला! मग केवळ बाजारात वीज विकणाऱ्या सौरप्रकल्पाने कर्ज फेडायचं कशातून? गुजरातमध्ये 2020 च्या सौरऊर्जेच्या लिलावात युनिटला 1.99 रुपयांची बोली लागली होती, पण तो दीर्घकालीन करार. तिथे भाव बांधलेला असतो.

बॅटरी हे उत्तर आहे का? पण बॅटऱ्या वाढल्या की संध्याकाळचा भावही उतरेल, मग बॅटरीवाल्याचं काय? ब्रिटनसारखे ठरलेला भाव आणि बाजारभाव यांतला फरक भरून देणारे करार इथे चालतील का? वीज खरेदीत काम केलेल्या कुणी आकडे घेऊन समजावलं तर फार बरं होईल. सूत्रं नकोत, एखादं उदाहरण पुरे.