आधी एक तुळई हाताने सोडवा

फायनाइट एलिमेंटचं (म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे मानून तिचं वाकणं वगैरे मोजायच्या पद्धतीचं) पुस्तक वाचताना दुसऱ्या प्रकरणातच अडतं म्हणताय, आणि त्यावर काय करावं या तुमच्या प्रश्नाला सगळ्यांनी ‘गणित पक्कं करा’ असं उत्तर दिलंय. बरोबरच आहे, पण नेमकं कुठलं? मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि बारावीचं इंटिग्रेशन एवढ्यावर सुरुवात होते.

दोन्ही टोकांना साधा टेकू असलेली तुळई घ्या, मधोमध एकच भार. ईआय (मटेरियलचा ताठपणा ई गुणिले छेदाच्या आकारावरून येणारा आय) गुणिले वाकाचा, म्हणजे तुळई जागेवरून किती झुकते त्याचा, दुसरा डेरिव्हेटिव्ह म्हणजे बेंडिंग मोमेंट (तुळईला त्या जागी वाकवणारा मोमेंट). दोनदा इंटिग्रेट करा. टोकाला वाक शून्य, मध्यावर उतार शून्य. लांबी दुप्पट केली की मधला वाक आठपट होतो, हे पुस्तक मिटून निघालं पाहिजे. जिथे अडाल, तेवढंच प्रकरण आधी वाचा. मग तीच तुळई दोन बीम एलिमेंट (तुळईचे दोन तुकडे) घेऊन मॅट्रिक्सने सोडवा. मधल्या नोडला, म्हणजे दोन तुकडे जुळतात त्या बिंदूला, अगदी तेच उत्तर येतं.