मदत हवी आहे: हरिपूरची पेवं आणि दोन जावा

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, पहिलीच कादंबरी लिहितेय. भयकथा आहे, सांगलीजवळच्या हरिपुरातली, 2005 च्या पुराआधीची. म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची पेवं वापरात होती तेव्हाची. त्या पुरात बरीचशी पेवं निकामी झाली, त्यामुळे आता बघून लिहायची सोय फारशी नाही.

मला माहीत आहे ते एवढं: तोंड माणूस जेमतेम उतरेल इतकं, आत पोट रांजणासारखं सुटलेलं. तोंड मातीने बंद केलेलं. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, आतली हवा जीव घेते. (कधीकधी वाटतं, भुताची गरजच काय!) आत उभ्या माणसाला वरची हाक कशी ऐकू येते? वास कसा असतो? हळद काढायच्या दिवसांत बायकांकडे कुठली कामं असायची? घरात कुणी हमाल किंवा अडते असतील तर विचारून सांगाल का?

दुसरी अडचण जावांची. थोरली धाकटीचा जीव वाचवते आणि तिच्याच वाटणीवर डोळाही ठेवते. कादंबरी वाचून पाहिलेल्या मैत्रिणींचं म्हणणं, एकीला सरळ हडळ करून टाक. मला नाही पटत. बाई म्हणजे एकतर बिचारी नाहीतर हडळ, हे किती दिवस चालवायचं? पहिली तीन प्रकरणं वाचून थोरली कुठे खोटी वाटते ते तोंडावर सांगणारं कुणी हवंय. एकत्र कुटुंबात नांदलेल्या काकू-मावशी मिळाल्या तर फारच बरं. निरोप टाका, फाईल पाठवते.