‘पार्ट लोड’ला मराठीत काय लिहावं?

पऱ्हाटी
आमचा दर्यापूर तालुक्यातला बचत गट. पापड, मुगवड्या, सरगुंडे पुण्याला पाठवायचं जमत आलंय. ट्रान्सपोर्टवाल्यानं इंग्रजी दरपत्रक दिलं. गटातल्या सगळ्यांना कळावं म्हणून मराठी करायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. पूर्ण ट्रक भरेल एवढा माल नसला की दहा जणांचा माल एकाच गाडीत चढवतात आणि भाडं ज्याच्या त्याच्या मालापुरतं घेतात. त्यालाच ‘पार्ट लोड’ म्हणतात, दरपत्रकात ‘लेस दॅन ट्रकलोड’ म्हटलंय. मी लिहिलं, ‘अंशभार वाहतूक’. अध्यक्ष काकूंनी वाचून विचारलं, “हा कोन्ता नवा टॅक्स होय वं?”
सासरे म्हणतात ‘सुटा माल’ लिही. पण सुटा म्हणजे पोत्यात न भरलेला, असं मला वाटतं. आमची खोकी तर पट्ट्या मारून घट्ट बांधलेली असतात.

शुद्धमती
‘अंशभार’ला काय वाईट आहे? ‘महापौर’, ‘दिनांक’ हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही कुणीतरी हसलंच असेल. शब्द वापरले की रुळतात.

तर्रीपोहे
दिनांक कागदावर राहिला. तोंडात अजून तारीखच हाय.

जुना_मुनीम
अकोल्याला ट्रान्सपोर्टच्या हापिसात तीस वर्षं बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या फाडल्या, म्हणून सांगतो. आमच्याकडे गाड्या दोनच प्रकारच्या, फुल गाडी आणि परचुनी, म्हणजे तुमची ती दहा जणांच्या मालाची. “आज परचुनीत किती नग आले?” हा रोजचा प्रश्न. परचुनीचा माल गोदामात उतरतो, गावागावाप्रमाणे वेगळा काढतात, मग गाडी लागते. जो आधी उतरायचा तो शेवटी चढवायचा. हे हमालानं विसरलं की अख्खी गाडी रस्त्यात उपसावी लागते.
पण ताई, तुमचा खरा घोळ त्या शब्दात नाही. खाली ‘चार्ज्ड वेट’ची ओळ असेल, ती आधी नीट समजावून सांगा. पापड वजनानं हलका आणि जागेनं जड. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच खोकं म्हणजे आठ घनफूट. समजा घनफुटाला आठ किलो धरले, तर भाडं चौसष्ट किलोंचं, मग आत पापड वीस किलो का असेनात. तिथं ‘भाड्याचं वजन’ लिहा, कोणीही समजेल. आणि पापडावर मोटारपंप ठेवू नये हे बुकिंगच्या वेळी तोंडानं सांगा, खोक्यावरची सूचना कोणी वाचत नाही.

शुद्धमती
परचुनी हा हिंदी शब्द झाला. मराठीत ‘परचुटण’ आहे, किरकोळ, चिल्लर जिन्नस. मला तरी दोन्हींचं मूळ संस्कृत ‘प्रचूर्ण’ वाटतं. तेव्हा ‘परचुटण वाहतूक’ म्हणा.

जुना_मुनीम
म्हणून पाहा एखाद्या गोदामात. हमाल म्हणेल, परचुटण किराण्याच्या दुकानात भेटते, इथं नाही.

कापूसकोंडा
प्रचूर्णाचं मला पटत नाही, पण भांडत नाही. जुना मराठी शब्द विसरलात तुम्ही सगळे, हुंडेकरी! हुंडा म्हणजे ठोक ठराव. ठराविक भाड्यात माल इथून तिथं पोचवण्याचा ठेका घेणारा तो हुंडेकरी. आडनावातही उरलाय. 1865 च्या कॅरियर्स अ‍ॅक्टच्या जागी 2007 चा रस्ते वाहतुकीचा कायदा आला, त्यातला ‘कॉमन कॅरियर’ म्हणजे भेदभाव न करता सगळ्यांचा माल भाड्यानं नेणारा. हा हुंडेकरीच की!

पऱ्हाटी
दादा, बायांच्या गटाच्या कागदावर ‘हुंडा’ लिहू म्हणता? काकू मला गटातून काढतील.

तर्रीपोहे
😂

कापूसकोंडा
अहो, लग्नातला हुंडा नंतरचा असावा, मूळ अर्थ ठोक रक्कम...

शुद्धमती
‘असावा’वर व्युत्पत्ती उभी राहत नाही.

कापूसकोंडा
प्रचूर्ण मात्र तुम्ही चुलीजवळ बसून दळलंत.

तर्रीपोहे
एक सांगू का? आमचं हार्डवेअरचं दुकान हाय, अंजनगावात. नागपूरहून माल येते, पण आम्ही त्याले परचुनी, पार्ट लोड काहीच म्हणत नाही. “ट्रान्सपोर्टनं माल टाकला” म्हणतो, बस. खेड्यातला दुकानदार कधी पूर्ण ट्रक मागवते का? ज्याले फुल गाडी लागते, त्याले वेगळं सांगा लागते, “स्पेशल गाडी केली.” सगळ्यांचं जे रोजचं, त्याले नाव कशाले? म्हून तुम्हाले शब्द सापडत नाही.

पऱ्हाटी
हे पटलं हो. पण दरपत्रकात ती रकाना रिकामा कसा ठेवू?

शुद्धमती
‘तो’ रकाना. पुल्लिंगी.

जुना_मुनीम
दुकानदार ‘माल टाकला’ म्हणतो आणि घ्यायला आला की ‘माल सोडवला’ म्हणतो. जणू कैदेत होता. पूर्वी व्यापारी बिल्टी बँकेतून पाठवायचे. पैसे भरा, बिल्टी सोडवा, मग ती दाखवून माल. पैसे नसले की माल गोदामात पडून. गोदामभाड्यावरून काय काय भांडणं पाहिली!

कापूसकोंडा
बिल्टी हा शब्द इंग्रजी ‘बिल’वरूनच ना? की ‘बिलेट’?

जुना_मुनीम
मला ‘टू-पे’ आणि ‘पेड’ एवढंच इंग्रजी येतं. टू-पे म्हणजे भाडं माल घेणाऱ्यानं भरायचं. ताई, पुण्याच्या दुकानदाराशी हे आधी ठरवून घ्या. आणि एका खेपेला माल एक लाख रुपयांच्या वर गेला, तर ई-वे बिलाचंही, म्हणजे जीएसटीच्या त्या ऑनलाइन कागदाचं, विचारून ठेवा.

शुद्धमती
नगाला ‘डाग’ म्हणतात, ते कुणी ऐकलंय?

तर्रीपोहे
आमचे आबा म्हणत. एकदा दुकानातून घरी निरोप धाडला, “दोन डाग आले, पोराले पाठवा.” आजीनं डाग म्हंजे गळ्यातला दागिनाच समजला. निघालं काय, तर खिळ्यांच्या पेट्या. आठ दिवस बोलली नाही.

पऱ्हाटी
अपडेट. काकूंनी माझ्या हातून पेन घेतलं आणि ‘अंशभार’ खोडून लिहिलं, ‘दुसऱ्याईच्या मालासंगं’. शुद्धमतीताई, तुम्ही ओरडायच्या आधी सांगते, कागद झेरॉक्सला गेला.

शुद्धमती
हा शब्द नाही, वाक्प्रयोग आहे. आणि ‘दुसऱ्यांच्या’.

कापूसकोंडा
सरगुंडे म्हणजे आमच्याकडच्या कुरडयाच का?

पऱ्हाटी
कुरडया नाही हो! त्यावर वेगळा धागा काढा.