मिंट टाकलं आणि आता विंडोजच सुरू होत नाहीये, तातडीने मदत हवी

हिशेबनीस
लिनक्स मिंट २२ (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टम) टाकलं, इन्स्टॉल नीट झालं, चाललंही मस्त. आज सकाळी पीसी चालू केला तर काळी स्क्रीन, वर जीएनयू ग्रब २.१२ असं काहीतरी आणि खाली कर्सर लुकलुकतोय. विंडोज नाही, मिंट नाही, काहीच नाही. उद्या २० तारीख, क्लायंटचं जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं बाकी आहे आणि टॅलीचा सगळा डेटा विंडोजमधे. फॉरमॅट मारा असं कृपया कुणी सांगू नका. लवकर सांगा.

रानपाखरू
सेक्युअर बूट (सही नसलेली सिस्टम सुरू होऊ न देणारी सोय) बंद करा. ऑगस्ट २०२४ मधे विंडोजचं जे अपडेट आलं त्याने कितीतरी ड्युअल बूटवाल्यांचं, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टम ठेवणाऱ्यांचं, लिनक्स सुरू व्हायचं बंद झालं होतं, हे तेच दिसतंय.

टर्मिनलकाका
ते प्रकरण वेगळं हो. त्यात ग्रबपर्यंत, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरपर्यंत, पोचायचंच नाही, एसबॅट (बूटलोडर जुना तर नाही ना ही तपासणी) फेल, सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन असा मेसेज येऊन मशीन बंद व्हायचं. इथे ग्रब लोड झालाय, फक्त त्याला पुढची फाइल सापडत नाहीये. आणि सेक्युअर बूटला आत्ता अजिबात हात लावू नका, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असलं तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागेल, ती हाताशी आहे का ते आधी बघा.
हिशेबनीस, स्क्रीनवर नुसतं ग्रब आहे की ग्रब रेस्क्यू? डिस्क किती आहेत, मिंट कुठल्या डिस्कवर टाकलं? आणि कालपासून काय बदललं?

जुना खेळाडू
एवढ्या चौकशीची गरज नाही. विंडोजचा पेनड्राइव्ह बनवा, रिपेअरमधे जाऊन कमांड प्रॉम्प्ट उघडा, बूटरेक कमांडने एमबीआर (डिस्कच्या सुरुवातीचा बूटचा भाग) फिक्स करा, ग्रब गायब. मी एक्सपीच्या काळापासून हेच करत आलोय आणि दरवेळी झालंय.

टर्मिनलकाका
एक्सपीच्या काळात ठीक होतं. यूईएफआय (जुन्या बायॉसच्या जागी आलेलं) मशीन एमबीआरमधला बूट कोड वाचतच नाही, ते सरळ ईएफआय पार्टिशनमधली, म्हणजे बूटसाठी राखलेल्या छोट्या भागातली, फाइल उचलतं. तुमच्या कमांडने काहीही होणार नाही, वर त्यांची संध्याकाळ जाईल.

जुना खेळाडू
मशीन यूईएफआय आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांनी तर काहीच लिहिलेलं नाही.

टर्मिनलकाका
हे बरोबर आहे. हिशेबनीस, विंडोज कुठलं?

हिशेबनीस
विंडोज ११, असेंबल्ड पीसी. नुसतं ग्रब लिहिलंय, रेस्क्यू नाही, खाली मिनिमल बॅश लाइक असं काहीतरी मोठं वाक्य आहे. बदललं काहीच नाही. अहो एक कमांड सांगा ना, वेळ नाहीये.

टर्मिनलकाका
११ म्हणजे यूईएफआय. पण मिंट कुठल्या डिस्कवर ते अजून नाही सांगितलं.

चिंचोके
धाग्याला सोडून आहे पण मिंटमधे मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट बरं की फोनेटिक? मला सरकारी फॉर्म भरायचे असतात.

माळरान
इनस्क्रिप्टच शिका, थोडे दिवस त्रास होतो मग हात आपोआप चालतो. आणि हिशेबनीस, कामाच्या मशीनवर ड्युअल बूट करूच नये या मताचा मी आहे. व्हर्च्युअलबॉक्समधे (विंडोजच्या आतच दुसरी सिस्टम चालवणारं सॉफ्टवेअर) मिंट टाकायचं, विंडोजला धक्काही लागत नाही.

हिशेबनीस
व्हर्च्युअलबॉक्स नंतर बघू. मिंट एक्सटर्नल एसएसडीवर आहे, पीसीत नाही. भावासाठी केली होती, काल तो नाशिकला घेऊन गेला. आणि तो म्हणतोय त्याच्या लॅपटॉपच्या बूट मेनूत ती दिसतच नाही, पण तो प्रश्न वेगळा आहे, आधी माझा पीसी.

टर्मिनलकाका
वेगळा नाही, तोच प्रश्न आहे! मिंटचा इन्स्टॉलर यूबिक्विटी. यूईएफआय मोडमधे तुम्ही बूटलोडरसाठी एक्सटर्नल डिस्क निवडली तरी तो पहिल्या डिस्कवरचं ईएफआय पार्टिशन पकडतो आणि ग्रब तिथेच टाकतो, हा त्याचा जुना दोष आहे. म्हणजे ग्रब तुमच्या पीसीत राहिला आणि त्याची बाकीची फाइल नाशिकला गेली. एसएसडीत स्वतःचा बूटलोडरच नाही म्हणून तिकडे ती दिसत नाही. तुमच्या विंडोजला काहीही झालेलं नाही.
आता करा एवढंच: त्या कर्सरपुढे इंग्रजीत एक्झिट टाइप करून एंटर. बहुतेक बोर्डांवर पुढची एंट्री, म्हणजे विंडोज, सुरू होते. नाही झालं तर रीस्टार्ट करून बूट मेनू उघडा, एफ८, एफ११, एफ१२ यापैकी एक की असते, त्यात विंडोज बूट मॅनेजर निवडा. मिंट उबुंटूवरच बनलंय, म्हणून त्याची एंट्री तिथे उबुंटू या नावाने दिसेल, तिला बघून गोंधळू नका.

रानपाखरू
तरी आधी मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता चालतं ते) टॅलीचा फोल्डर कॉपी करून घ्यावा असं मला वाटतं. फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न होण्याची सोय) चालू असलं तर विंडोजचं पार्टिशन रीड ओन्ली उघडेल, कॉपीला तेवढं पुरतं. बिटलॉकर असलं तर मात्र की लागेलच.

जुना खेळाडू
आणि विंडोज एकदा सुरू झालं की ईएफआय पार्टिशनमधला उबुंटू फोल्डर उडवून टाका.

टर्मिनलकाका
आज नको. बूट ऑर्डरमधे विंडोज वर घ्या, काम भागलं. ३बी भरून होईपर्यंत त्या पार्टिशनला कुणीही हात लावायला सांगू नका.

हिशेबनीस
एक्झिटने झालं!! विंडोज आलं, टॅली उघडली, डेटा जागेवर आहे. काका, खूप खूप आभार. ऑर्डर बदलली, दोनदा रीस्टार्ट करून बघितलं. आता भावाच्या एसएसडीचं काय करू? तो उद्यापासून कॉलेजात वापरणार होता. इन्स्टॉलरमधे समथिंग एल्स (हाताने पार्टिशन करायचा पर्याय) निवडून एकच एक्स्ट४ (लिनक्सचा फॉरमॅट) पार्टिशन केलं होतं.

टर्मिनलकाका
त्यावर काही डेटा नसेल तर परत इन्स्टॉल करणं सोपं. आतल्या डिस्कची केबल काढा, लॅपटॉप असेल तर लाइव्ह मिंटमधे जीपार्टेड (पार्टिशनचं टूल) उघडून आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनचे बूट आणि ईएसपी हे फ्लॅग तेवढ्यापुरते काढा आणि इन्स्टॉल झाल्यावर परत लावा, हे विसरायचं नाही. मग एसएसडीवर आधी ५०० एमबीचं फॅट३२ ईएफआय पार्टिशन, उरलेल्यात मिंट.
डेटा असेल तर तसंच ईएफआय पार्टिशन एसएसडीवर जागा करून बनवायचं आणि ग्रब इन्स्टॉल ही कमांड रिमूव्हेबल ऑप्शनने चालवायची, म्हणजे कुठल्याही मशीनला सापडेल अशा ठरलेल्या जागी फाइल बसते. त्यातही एफएसटॅब फाइलमधे (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ती यादी) बूट ईएफआयची ओळ अजून तुमच्या पीसीच्या पार्टिशनची असणार, तिचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) बदला, नाहीतर भावाकडे दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोडमधे जाईल.

चिंचोके
इनस्क्रिप्टमधे ॲ कसा काढायचा तेही कुणी सांगा.

हिशेबनीस
डेटा काही नाही, परतच टाकायला सांगतो. ३बी भरून मग त्याला फोन करतो.