फोन ऐकण्याची परवानगी तपासणार कोण? – सोसायटी ग्रुपवरील चर्चा

अ विंग, निवृत्त कर्मचारी: नमस्कार. ‘ज्याने काही केले नाही, त्याने लपवायचे कशाला?’ हा सरकारने सुरक्षेसाठी लोकांचे फोन ऐकण्याविषयी काल इथे आलेला संदेश मला पटला नाही. मी अंबाझरीच्या आयुध निर्माणीत नोकरी केली आणि तेथील कामाविषयी आजही घरी बोलत नाही; शस्त्रे, सैन्याच्या हालचाली आणि खबऱ्यांची नावे गुप्तच राहिली पाहिजेत. पण म्हणून माझे खासगी बोलणे कोणीही ऐकावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

ब विंग, काका: भाऊसाहेब, १ जून २००६ च्या पहाटे महाल भागात संघ मुख्यालयावर चालून आलेले तिघे दहशतवादी पोलिसांनी ठार केले, हे आपण नागपूरकरांनी विसरू नये. अशा वेळी फोन ऐकण्यासाठी मंजुरीची वाट पाहत बसायचे का?

क विंग, वकीलताई: काका, तशी वाट पाहावी लागत नाही. तातडीच्या प्रसंगी आधी फोन ऐकून सात कामकाजी दिवसांत मंजुरी घेण्याची सोय नियमांत आहे. एरवी गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो आणि त्याची छाननी पुनर्विलोकन समिती करते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घालून दिलेल्या या चौकटीची खरी उणीव अशी की, समितीवरही सचिवच असतात. म्हणजे सरकारने दिलेला आदेश सरकारच तपासते, आणि ज्याचा फोन ऐकला गेला त्याला ते कधीच कळत नसल्याने तो दादही मागू शकत नाही. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यावर बंधन घालायचे तर कायदा, योग्य हेतू आणि हेतूच्या प्रमाणातच उपाय हवा असे सांगितले. परंतु उपाय प्रमाणात होता की नाही, हे बाहेरच्या कोणी पाहिल्याशिवाय कळणार कसे? माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ ने गुप्तचर संस्थांना माहिती देण्यापासून सूट दिली, तरी भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांसाठी दार उघडे ठेवलेच ना! समितीवर न्यायाधीश असावा आणि धोका टळल्यावर संबंधित व्यक्तीला कळवावे, असे मला मनापासून वाटते.

ब विंग, काका: न्यायाधीश असावा, हे मान्य. नंतर कळवण्याला मात्र माझा विरोध आहे, कारण त्यातून खबऱ्या उघडा पडेल.

अ विंग, निवृत्त कर्मचारी: काका, खबऱ्याचे नाव कोणी मागतच नाही. आदेश कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता, एवढे कळवले तरी न्यायालयात जाता येईल.